आधी मेकॅनिक शोधा, मग रेग्युलेटर: स्कूबाचं सामान दुकानातून घ्यावं की ऑनलाइन?

ओपन वॉटर या स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं कार्ड हातात पडलं की त्याच आठवड्यात बहुतेकांच्या मोबाइलवर दहा-बारा टॅब उघडलेले असतात. ज्या दुकानात शिकलो तिथे टांगलेला बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) एका टॅबमध्ये आणि हुबेहूब तोच बीसीडी, बराच स्वस्त, दुसऱ्या टॅबमध्ये. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं दुकानवाले कापतात, कुणी म्हणतं जिवाचा प्रश्न आहे, चार पैसे वाचवायला जाऊ नका. दोन्ही सल्ले सरसकट आहेत आणि सरसकट सल्ल्याने स्कूबाचं सामान घेता येत नाही. मास्क, डाइव्ह काँप्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा) आणि शिशाची वजनं या चार वस्तूंची उत्तरं चार वेगवेगळी येतात.

मी प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारतो. ही अंगाला नीट बसावी लागते का? ही पुढे कुणाला तरी उघडून दुरुस्त करावी लागणार आहे का? आणि पाण्याखाली वीस मीटरवर ही बिघडली तर काय होईल? तिन्हींची उत्तरं सौम्य असतील तर जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. एकाचं जरी गंभीर असलं तर किंमत हा दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा होतो.

पायरी १: सर्व्हिसिंग कोण करणार, ते आधी ठरवा

बहुतेक जण आधी रेग्युलेटर निवडतात आणि वर्षभराने तो कुठे द्यायचा ते शोधत फिरतात. क्रम उलटा हवा.

सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरलेली असते. रेग्युलेटरचा सिलिंडरला लागणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतका आणून ठेवते. याला इंटरमीजिएट प्रेशर म्हणतात. तुम्ही श्वास ओढला की तोंडात धरायचा भाग, म्हणजे सेकंड स्टेज, हीच हवा भोवतालच्या दाबाला तोंडात सोडते. एवढं सगळं काम ओ-रिंगा, स्प्रिंगा, एखादा पिस्टन किंवा डायफ्राम आणि नखाएवढ्या सीटच्या (हवेची वाट बंद करणाऱ्या चकतीच्या) जिवावर चालतं. त्यातलं काहीच कायमचं टिकत नाही. म्हणून कंपन्या दर वर्षी किंवा दोन वर्षांनी, किंवा ठरावीक डाइव्ह्जनंतर (अनेक ठिकाणी हा आकडा १०० असतो), जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग करायला सांगतात. नेमकं वेळापत्रक त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं.

संधी मिळाली तर टेक्निशियन रेग्युलेटर उघडत असताना शेजारी उभे राहा. हवा आत येते त्या तोंडाशी धातूच्या बारीक कणांची गाळणी असते. ती हिरवट पडलेली दिसली तर तिथून खारं पाणी आत गेलेलं असतं, बहुधा कुणीतरी डस्ट कॅप न लावताच रेग्युलेटर धुतलेला असतो. सीट बाहेर काढून उजेडात धरली की तिच्यावर गोल वळ दिसतो, धातूची धार त्याच जागी सतत दाबून बसल्याचा. वळ उथळ असेल तर ठीक, खोल किंवा एका बाजूला कलता असेल तर दाब स्थिर राहत नाही. भाग अल्ट्रासोनिक टबमध्ये धुऊन, नवं किट (बदलायच्या सुट्या भागांचा संच) घालून जोडणी झाली की टेक्निशियन इंटरमीजिएट प्रेशरचा गेज लावतो आणि सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं पर्जचं बटण दाबून सोडतो. काटा खाली येतो, परत वर चढतो आणि थांबतो. थांबायला हवा. थांबायच्या ऐवजी तो हळूहळू वर सरकत राहिला तर सीट अजून गळते आहे आणि काम परत करावं लागणार आहे. हे अर्ध्या तासाचं दृश्य पाहिल्यावर "ऑनलाइन स्वस्त आहे" या वाक्यातला "स्वस्त" शब्द थोडा वेगळा ऐकू येतो.

आता व्यवहाराची गोष्ट. अनेक कंपन्या आपली सर्व्हिस किट फक्त अधिकृत टेक्निशियनला देतात, ग्राहकाला थेट विकत नाहीत. म्हणून तुमच्या आवाक्यातल्या टेक्निशियनला पुढचे प्रश्न विचारा:

- कोणत्या ब्रँडची ट्रेनिंग घेतली आहे आणि त्यांची किट तुमच्याकडे असतात का?
- काम इथेच करता की पुढे पाठवता? किती दिवस लागतात?
- इथे न घेतलेला रेग्युलेटर घेता का? त्याला दर तोच लागतो का?
- काम झाल्यावर प्रेशरचे आकडे लिहून देता का?

यातून दोन-तीन ब्रँडची यादी निघते. रेग्युलेटर त्याच यादीतून घ्या, मग तो कुठूनही घ्या. जगातला सगळ्यात भारी रेग्युलेटर आणि माझ्या टेक्निशियनला उघडता येणारा चांगला रेग्युलेटर यांत मी डोळे झाकून दुसरा घेईन. आज रिक्रिएशनल डायव्हिंगसाठी नामांकित कंपन्यांच्या मधल्या श्रेणीतले रेग्युलेटर इतके चांगले आहेत की पाण्याखाली फरक कळणं मुश्कील. सर्व्हिसिंग वेळेवर झालंय की नाही, हा फरक मात्र कळतो.

ब्रँड जुना आणि नावाजलेला असला म्हणजे भागणार, असंही नाही. डेकॉर हे एके काळचं मोठं नाव. मेअर्सच्या मालक कंपनीने ते विकत घेतलं, पुढे ब्रँड बंद पडला आणि त्या रेग्युलेटरांचे सुटे भाग मिळणं अवघड होऊन बसलं. धातू शाबूत आहे, पण आत घालायला सीट नाही.

आसपास डाइव्ह शॉपच नसेल तर? समुद्रापासून दूर राहणाऱ्या अनेकांची हीच स्थिती असते. अशा वेळी स्वतःचा सर्व्हिस विभाग असलेला, कंपनीचा अधिकृत ऑनलाइन विक्रेता हा उत्तम पर्याय ठरतो. सामान कुरिअरने जातं, सर्व्हिस होऊन परत येतं. ऑनलाइन म्हणजे नुसतं गोदाम असं समजू नका. कित्येक मोठ्या साइट्सच्या मागे खरंखुरं दुकान, तलाव आणि वर्कशॉप असतं.

पायरी २: सगळं एकदम घेऊ नका

कोर्स संपताना "पूर्ण सेट"ची ऑफर पुढे येते. थांबा. मास्क आधी, मग फिन्स आणि बुटीज (नियोप्रीन या फोमसारख्या रबराचे बूट), मग वेटसूट, मग काँप्युटर. रेग्युलेटर आणि बीसीडी थोडे दिवस भाड्याने वापरा, शक्यतो दरवेळी वेगळं मॉडेल मागून. काय आवडतं, काय टोचतं हे भाड्याच्या सामानाइतकं स्वस्तात दुसरं कुणी शिकवत नाही. वर्षातून एकदाच सुट्टीत डायव्हिंग करणार असाल तर मोठ्या वस्तू विकत घेण्याची गरजच नाही. मास्क, काँप्युटर आणि स्वतःचं माउथपीस बास.

पायरी ३: अंगाला बसणारं सामान दुकानातच

मास्कपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुकीची ऑनलाइन खरेदी याचीच होते. फोटोत मास्क छान दिसतो, चेहऱ्यावर कसा बसतो ते फोटो सांगत नाही.

दुकानात सगळ्यांना माहीत असलेली चाचणी म्हणजे पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. पडला नाही तर बसला. ही चाचणी अर्धवट आहे. जोरात श्वास ओढला तर जवळजवळ कुठलाही मास्क चिकटतो. त्याऐवजी असं करा: मान मागे टाकून छताकडे बघा, मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, दाबू नका, श्वासही ओढू नका. सोबतच्या माणसाला कडेने बघायला सांगा. सिलिकॉनची कड कपाळाला, कानशिलाला, गालाला आणि नाकाखाली सगळीकडे टेकली आहे का? कुठे फट आहे, कुठे कड आत दुमडली आहे? फट नसेल तरच पुढची पायरी, नाकाने अगदी हलका श्वास. मग तोंडात स्नॉर्केल किंवा माउथपीस धरून हेच पुन्हा करा, कारण तोंडात काही धरलं की गाल आणि वरचा ओठ हलतात आणि बसलेला मास्क तिथेच सुटतो. शेवटी नाकाच्या जागेत दोन बोटांनी नाक चिमटीत पकडता येतं का ते पाहा, ग्लव्ह्ज वापरत असाल तर ग्लव्ह्ज घालून. कान मोकळे करायला तेच लागणार आहे. मिशी असलेल्यांनी नाकाखालच्या कडेकडे जास्त लक्ष द्यावं, गळती तिथूनच होते.

एकदा तुमच्या चेहऱ्याला बसणारं मॉडेल सापडलं की पुढचा तोच मास्क कुठूनही घ्या. काच टेम्पर्ड असल्याची खूण काचेवर असते, ती बघून घ्या. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत मास्कवर धुकं धरत राहतं. काचेच्या आतल्या बाजूला साधी पांढरी टूथपेस्ट चोळून दोन-चार वेळा धुतली की तो निघतो. काचेवर आतून धुकं न धरण्याचं खास कोटिंग असेल तर मात्र चोळू नका.

फिन्सचं थोडक्यात. ओपन हील (टाचेशी उघड्या, पट्ट्याच्या) फिन्स घ्यायच्या तर आधी बुटीज घ्या आणि त्या घालूनच फिन्स बघा, बुटीजच्या जाडीने अख्खा साइज बदलतो. फुल फूट (अनवाणी, बुटासारख्या घालायच्या) फिन्समध्ये दोन साइज एकत्र असतात, त्यामुळे मधल्या साइजच्या पायाला एक सैल आणि पुढचा घट्ट होतो. अंगठा पुढे आदळत असेल तर पहिल्याच डाइव्हला पोटरीत गोळा येईल.

वेटसूट घालून बघण्याचा कंटाळा येतो, घाम निघतो, तरीही बघायचाच. ऊब धरतात ते नियोप्रीनमधले वायूचे बुडबुडे, पण अंग आणि सूट यांच्यामधलं पाणी जागच्या जागी राहिलं तरच. पाणी आत-बाहेर करत राहिलं तर ५ मिमीचा सूटही थंड पडतो. फट बहुतेक वेळा कंबरेच्या वरच्या खोलगट भागात असते. सूट घालून उभं राहा आणि दुसऱ्याला पाठीच्या त्या जागी चिमूट घ्यायला सांगा. मूठभर नियोप्रीन हातात आलं तर सूट तुमचा नाही. खाली बसा, हात वर करा, छाती भरून श्वास घ्या. कोरड्यात किंचित घट्ट वाटणारा सूट पाण्यात बरोबर होतो, कोरड्यात आरामशीर वाटणारा पाण्यात सैल पडतो. जाडीचा ढोबळ हिशोब असा की कोमट उष्ण कटिबंधी पाण्यात ३ मिमी, त्याहून गार पाण्यात ५ आणि थंडीत ७. तुम्हाला थंडी लवकर वाजत असेल तर एक पायरी वर जा. खोलीवर नियोप्रीनमधले वायूचे बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि ऊबही कमी होते. एका ब्रँडचा एल दुसऱ्याचा एम असतो, म्हणून "माझा साइज एल आहे" एवढ्या भरवशावर मागवू नका. ऑनलाइनच घ्यायचा असेल तर छाती, कंबर, नितंब, उंची, वजन ही सगळी मापं घेऊन त्याच ब्रँडच्या तक्त्याशी जुळवा आणि परत करण्याची सोय आहे का ते आधी वाचा. आकार नेहमीच्या तक्त्यात बसत नसेल तर मापाचा शिवून घेणं शेवटी परवडतं.

जॅकेट बीसीडी वेटसूटवर घालून, पूर्ण फुगवून बघा. फुगल्यावर बरगड्या आवळत असतील, किंवा उजव्या खांद्यावरची आणि मागच्या कडेची, हवा सोडणाऱ्या डंप व्हॉल्व्हची दोरी चाचपून सापडत नसेल, तर तो नको. बॅकप्लेट आणि विंग (पाठीला कडक पाटी आणि तिच्यामागे फुगणारी पिशवी) यांची गोष्ट निराळी. तिचा हार्नेस पट्ट्यांनी बनलेला असतो आणि हवा तसा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे ती ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. अट एकच, पट्टे नीट बसवून देणारं कुणी ओळखीचं असावं.

पायरी ४: रेग्युलेटर घेताना कागद वाचा

डिन की योक, हा पहिला प्रश्न. योक म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बाहेरून पकडणारा क्लॅम्प, तो २३२ बारपर्यंतच्या दाबासाठी चालतो. डिन आत आट्यांनी फिरवून बसतो, ओ-रिंग पूर्ण बंदिस्त राहते आणि ३०० बारची जोडणीही मिळते. फिरतीवर डायव्हिंग करणाऱ्याने डिन घेऊन सोबत योकचं अॅडॉप्टर ठेवावं, असं माझं मत. अॅडॉप्टरने फर्स्ट स्टेज थोडी पुढे येते आणि मान मागे केल्यावर डोक्याला लागू शकते, तेवढी तयारी ठेवा.

दुसरं, बॅलन्स्ड, म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरला तरी श्वास सारखाच ठेवणारा, आहे का. अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेज साधी, मजबूत आणि स्वस्त असते, पण सिलिंडर रिकामा होत आला की श्वास जरा जड होतो. उथळ, सोप्या डाइव्ह्जना चालते. घेण्यासारखं मात्र बॅलन्स्ड.

तिसरं, खुणा. युरोपीय मानक ईएन २५० रेग्युलेटरवर कोरलेलं किंवा मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. त्याच्यापुढे ए असेल तर तो ऑक्टोपससकट (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजसकट), म्हणजे अडचणीच्या वेळी दोघे एकाच फर्स्ट स्टेजवरून श्वास घेतील असं धरून तपासलेला आहे. पुढे ">१० अंश सेल्सिअस" असं लिहिलेलं असेल तर तो त्याहून थंड पाण्यासाठी नाही, गोठून फ्री-फ्लो होण्याचा, म्हणजे हवा न थांबता वाहत सुटण्याचा धोका. सीई खुणेच्या शेजारी चार अंकी क्रमांक असतो, तो तपासणी करणाऱ्या संस्थेचा. सीई आहे पण चार अंक नाहीत, कंपनीचं नावही कधी ऐकलेलं नाही आणि किंमत मास्कएवढी, असा रेग्युलेटर मोठ्या मार्केटप्लेसवर सहज दिसतो. तो फुकट मिळाला तरी तोंडात धरू नये.

पायरी ५: जे बिनधास्त ऑनलाइन घेता येतं

टॉर्च, एसएमबी (पाण्यावर तुमची जागा दाखवणारा फुगा), त्याची दोरी गुंडाळायचे रील आणि स्पूल, बोल्ट स्नॅप (सामान अडकवायची कडी), कटर, स्लेट (पाण्याखाली लिहायची पाटी), ड्राय बॅग, लॉगबुक. इथे अंगाला बसण्याचा प्रश्न नाही आणि तपशील कागदावर तपासता येतो. बोल्ट स्नॅप ३१६ स्टेनलेस स्टीलचा असावा. टॉर्चचे नुसते ल्यूमेन बघू नका, किती मिनिटं चालतो आणि बीमचा कोन किती हेही बघा.

काँप्युटर याच यादीत येतो, पण काही अटींवर. बॅटरी स्वतः बदलता येते की सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागते? चार्जिंगची असेल तर केबल कुठल्या प्रकारची? नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय आहे का (आता जवळजवळ सगळ्यांत असते)? कोणता अल्गोरिदम, म्हणजे पाण्याखाली किती वेळ राहता येईल ते काढणारं गणित? बुलमान झेडएचएल-१६सी आणि त्यात किती सावध राहायचं ते ठरवणारे ग्रेडिएंट फॅक्टर बऱ्याच मॉडेल्समध्ये सापडतात. आपल्या नेहमीच्या बडीचा (डाइव्हमधल्या जोडीदाराचा) काँप्युटर त्याच जातीचा असला तर डाइव्ह आखणं सोपं जातं. सिलिंडरमधला दाब काँप्युटरला कळवणारा ट्रान्समीटर घेणार असाल तर तो त्याच मॉडेलशी जोडला जातो का हे लेखी विचारा. एकच काम दुकानात जाऊन करा: दोन-तीन काँप्युटर मनगटावर बांधून, चष्म्याशिवाय आकडे वाचता येतात का ते बघा. चाळिशीनंतर हा मुद्दा अल्गोरिदमपेक्षा मोठा ठरतो.

उलट काही गोष्टी ऑनलाइन घेण्यात अर्थ नाही. शिशाची वजनं कुरिअरने मागवणं म्हणजे वस्तूपेक्षा वाहतुकीचेच पैसे मोजणं. सिलिंडरही जवळूनच घ्या, कारण तो जवळच भरून घ्यायचा आहे. भरणाऱ्याला मान्य असलेले शिक्के सिलिंडरच्या खांद्यावर असायला हवेत, आणि हायड्रोस्टॅटिक (पाण्याच्या दाबाने करायच्या) चाचणीची मुदत देशागणिक वेगळी असते. जुना अॅल्युमिनियमचा सिलिंडर कुणी स्वस्तात देऊ केला तर मिश्रधातू विचारा. १९८८ च्या आधी बनलेल्या बऱ्याच सिलिंडरांत ६३५१ हा मिश्रधातू असे. त्याच्या मानेला कालांतराने तडे गेल्याचे प्रकार घडले म्हणून उत्पादक ६०६१ कडे वळले. ६३५१ चा सिलिंडर भरायला अनेक ठिकाणी सरळ नकार मिळतो.

पायरी ६: विक्रेत्याची चौकशी

ऑनलाइन सवलतीमागे कारणं वेगवेगळी असतात. मागच्या वर्षीचं मॉडेल, बंद झालेला रंग, मोठी खरेदी, कमी खर्चाचं गोदाम: ही सगळी चांगली कारणं. दुसरा प्रकार ग्रे मार्केटचा. माल अस्सल असतो, पण कंपनीच्या अधिकृत साखळीबाहेरून आलेला. अशा वस्तूला कंपनीची वॉरंटी नसू शकते आणि विक्रेता स्वतःची वॉरंटी देतो. "आमची वॉरंटी कंपनीइतकीच चांगली" हे वाक्य दिसलं की समजा, कंपनीची नाही. काही कंपन्यांच्या "आयुष्यभर सुटे भाग मोफत" अशा योजना असतात. त्यांना अधिकृत विक्रेत्याचं बिल आणि वेळेवर केलेल्या सर्व्हिसिंगच्या नोंदी लागतात, ग्रे मार्केटच्या मालाला त्या लागू होतीलच असं नाही.

तपासायचं कसं? कंपनीच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिच्यात नाव शोधा. नसेल तर कंपनीला मेल टाका. विक्रेत्याला विचारा की सिरियल नंबर शाबूत आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. खोडलेला सिरियल नंबर म्हणजे रिकॉल निघाला (कंपनीने सदोष माल परत मागवला) तरी तुम्हाला कळणार नाही. मार्केटप्लेसवर तर विक्रेता कोण ते नीट वाचा, मोठ्या साइटच्या नावाखाली भलताच कुणीतरी माल विकत असतो.

परत करण्याचे नियम पैसे भरण्याआधी वाचायचे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू बहुतेक वेळा १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. इतरत्र नियम वेगळे. पाण्यात वापरलेलं सामान कुणीही आनंदाने परत घेत नाही, त्यामुळे मापं आणि फिटिंग कोरड्यातच तपासा, टॅग तोडू नका.

पायरी ७: पाच वर्षांची बेरीज

कागदावर दोन रकाने करा, दुकान आणि ऑनलाइन. दोन्हींत वस्तूची किंमत लिहा. ऑनलाइनच्या खाली वाहतूक, कस्टम्स आणि साइज चुकला तर परत पाठवण्याचा खर्च. मग पाच वर्षांतली सर्व्हिसिंग: दर वर्षी सांगणारं मॉडेल असेल तर पाच नाही तरी चार वेळा, दोन वर्षांनी असेल तर दोनदा. बाहेरून आणलेल्या वस्तूला टेक्निशियन जास्त दर लावत असेल तर तो वाढीव आकडा घाला, किट मोफत मिळणार असेल तर त्या रकान्यातून वजा करा. दुकानाच्या बाजूला जोडणी, फिटिंग, तलावात वापरून बघण्याची सोय आणि आणखी एक गोष्ट लिहा, जी बिलात कधीच दिसत नाही. ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी रेग्युलेटर गळायला लागला तर तात्पुरता दुसरा हातात देणारा माणूस.

ही बेरीज नेहमी दुकानाच्या बाजूने जात नाही. काँप्युटर आणि टॉर्चला ऑनलाइनचा रकाना बहुधा हलकाच निघतो. रेग्युलेटरला बऱ्याचदा दोन्ही रकाने जवळ येतात, कधी कधी उलटतात.

पायरी ८: दुकानदाराशी बोलताना

ऑनलाइन किंमत दाखवून "हीच द्या" म्हणण्यात लाज नाही, पण आधी थोडं समजून घ्या. काही कंपन्या जाहिरातीत दाखवायची किमान किंमत ठरवून देतात. म्हणूनच काही साइट्सवर "किंमत बघण्यासाठी कार्टमध्ये टाका" असं दिसतं. हे बंधन जाहिरातीवर असतं, काउंटरवरच्या बोलण्यावर बहुधा नसतं. तेव्हा तोंडी विचारा. किंमत उतरत नसेल तर दुसरं मागा: पहिलं सर्व्हिसिंग मोफत, लांब होज (हवेची नळी) बदलून, फिन्सचे स्प्रिंग स्ट्रॅप्स, तलावात दोन वेगळे बीसीडी वापरून बघण्याची संधी. फिन्स, बुटीज, वेटसूट एकत्र घेतल्यावर सूट मिळण्याची शक्यता जास्त.

सगळीच दुकानं भली नसतात. घालून बघू न देणारा, एकच ब्रँड ठेवून बाकी सगळे कचरा म्हणणारा, किंवा चौथ्या डाइव्हच्या विद्यार्थ्याला टेक्निकल डायव्हिंगचं सामान खपवणारा दुकानदार दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा. शिकवणारा इन्स्ट्रक्टरच विक्रेता असतो तेव्हा त्याचा सल्ला आणि त्याचं कमिशन एकाच तोंडातून येतं. "तुम्ही स्वतः काय वापरता आणि का?" हे विचारलं की बरंच कळतं.

आणि हो, तासभर चार मास्क, तीन सूट घालून बघायचे, साइज टिपून घ्यायचा आणि बाहेर येऊन मोबाइलवरून ऑर्डर द्यायची, हे मला पटत नाही. फिटिंगचा वेळ घेतलात तर ती वस्तू तिथूनच घ्या, किंवा आधीच सांगून फिटिंगचे पैसे द्या.

पायरी ९: पार्सल आल्यावर

रेग्युलेटर ऑनलाइन आला असेल तर होजेस बऱ्याचदा सुट्या किंवा हातानेच आवळलेल्या येतात. घरी पाना फिरवण्याऐवजी टेक्निशियनकडे न्या, जोडणीसोबत इंटरमीजिएट प्रेशर मोजून घ्या आणि आकडा लिहून घ्या. बाकी इतकं घरी करता येतं:

१. बॉक्स, कार्ड आणि फर्स्ट स्टेजवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा, फोटो काढा. होजवर उत्पादनाची तारीख छापलेली असेल तर वाचा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला माल असेल तर वापरण्याआधी सर्व्हिसिंगची गरज आहे का ते विचारा.

२. टेक्निशियनने होजेस आणि पोर्टचे प्लग आवळून दिले की डस्ट कॅप घट्ट लावून सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. हवा अजिबात यायला नको. आली तर डायफ्राम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा होजची जोडणी तपासायला हवी.

३. भरलेल्या सिलिंडरला लावताना सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजची काच चेहऱ्यापासून दूर वळवा आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडा. कुठे सूं आवाज येतो का ऐका. मग व्हॉल्व्ह बंद करा, आकडा बघा आणि दहा मिनिटं हात लावू नका. काटा तिथेच राहायला हवा. उतरला तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडून फर्स्ट स्टेज आणि होजेस बादलीत बुडवा, बुडबुडा गळतीची जागा दाखवतो.

४. बीसीडी तोंडाने पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडला असेल तर डंप व्हॉल्व्ह किंवा इन्फ्लेटर (हवा भरायचा भाग) परत पाठवायच्या लायकीचा आहे.

५. कंपनीच्या साइटवर खरेदीची नोंदणी त्याच दिवशी करा. रिकॉलची सूचना नोंदणी असलेल्यांनाच थेट पोचते. बिल, वॉरंटी कार्ड आणि पुढच्या प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. उद्या सामान विकायचं झालं तर घेणारा पहिल्यांदा तेच मागेल.

नवं सामान घेऊन थेट खोल डाइव्हला उतरू नका. तलावात किंवा पाच मीटरच्या आत एक डाइव्ह करा. मास्क काढून घाला, ऑक्टोपसमधूनही श्वास घ्या, डोकं खाली करून प्रायमरीत (नेहमीच्या सेकंड स्टेजमध्ये) पाणी येतं का बघा, डंपची दोरी डोळे मिटून शोधा, वजन नव्याने तोलून घ्या, कारण नवा सूट जुन्यापेक्षा जास्त तरंगतो. काही खटकलं तर लगेच विक्रेत्याला कळवा, फोटो किंवा व्हिडिओ जोडून, बिलाच्या क्रमांकासह.